नऊ बाटल्या

हात लावू नये, असं मी तिला तीनदा सांगितलं.
वीस वर्षांची गाडी, अमेरिकेत झिजलेली,
जहाजातून पोतीच्या बंदरात उतरलेली,
काचेवर अजून न्यूजर्सीतल्या कुठल्याशा शाळेच्या पार्किंगचा बिल्ला.
आकडा मैलांतला. तोही किती मागे फिरवलेला, देव जाणे.
अशा गाडीच्या गिअरचं तेल म्हणजे झाकली मूठ.

झुराबच्या मर्सिडीजचं ऐक, म्हटलं.
मीच बदललं होतं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत, मोठ्या हौसेनं.
रिकोतीच्या घाटात इंजिन नुसतं ओरडत राहिलं
आणि गाडी जागची हलेना.
क्लच झिजून जी पूड तेलात मिसळली होती
तीच उरल्यासुरल्या क्लचला धरून होती.
मी खपली काढली.
झुराब माझ्या मुलाच्या लग्नालाही आला नाही.

त्सिसाना ऐकून घेते, बोलत नाही.
कुताइसीच्या इस्पितळात तीस वर्षं
ती लोकांचं रक्त, लघवी, थुंकी काचेवर घेऊन बघतेय.
म्हणाली, नुग्झार, काडी ओढ आधी.

ओढली. तिनं पर्समधून पांढरा कागद काढला,
एक थेंब टिपला, दारातल्या उजेडात धरला,
मग नाकाशी नेला.
"लाल असतं ना हे?"
नवं असताना. चेरीसारखं.
हा तर रात्रभर चुलीवर राहिलेला चहा.
"पण जळका वास नाही," ती म्हणाली.
"थकलंय. मेलेलं नाही."

यावर मी काय बोलणार?
गाडी उचलली, बोल्ट सैल केला,
तेल कोमट, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत
घरचंच माणूस असल्यासारखं आलं.
तव्याच्या तळाशी लोहचुंबक होतं, त्यावर करडी लव.
मी पुसणार, तेवढ्यात तिनं मागून घेतलं
आणि अंगठ्यानं चोळून बघितलं, अगदी सावकाश.
लोणी. कण नाहीत, चकत्या नाहीत.
कुणीतरी तिकडे रोज सकाळी मुलांना शाळेत सोडलं असेल,
सिग्नलला थांबलं असेल, पुन्हा निघालं असेल.
एवढंच राहिलं त्यांचं. माझ्या फडक्याला पुसलं.

मोजायला माझ्याकडे बोर्जोमीच्या रिकाम्या बाटल्या.
अर्ध्या लिटरच्या नऊ भरल्या.
तितकंच आत आणखी आहे, कन्व्हर्टरच्या पोटात,
ते असं खाली येत नाही,
आणि मी यंत्र लावून ओढणार नाही, हे मी चौथ्यांदा सांगितलं.
या वेळी ती हसली.
आज अर्धं. पाचशे किलोमीटर चालव, मग ये.
तेव्हा उरलेल्याचं अर्धं. मग त्याचं अर्धं.
"म्हणजे जुनं कधीच संपणार नाही."
नाही, म्हटलं.
"बरं," म्हणाली, आणि घड्याळ बघितलं.

नवं तेल काडीच्याच नळीतून जातं,
बोटाएवढ्या नळीतून नऊ बाटल्या.
घाई केली की नरसाळं उलटं थुंकतं.
मी ओतत होतो, ती नरसाळं धरून होती,
नातू बाहेर जुन्या बाटल्यांवर खडूनं कवट्या काढत होता,
कुणी चुकून पिऊ नये म्हणून. एक कवटी हसरी निघाली.

इंजिन चालू ठेवून ब्रेकवर पाय,
दांडा एकेका घरात थोडा थोडा थांबवला,
मागे, मोकळा, पुढे, परत.
गाडी गरम झाल्यावर काडी: दोन खुणांच्या मधे. लालसर.
लाल नव्हे. लालसर.

पैसे तिनं मोजून दिले, वर घरच्या अक्रोडांची पिशवी.
मी दारात उभा राहिलो.
पुलानंतर चढ लागतो, तिथं दुसऱ्याचा तिसरा पडायला हवा,
एक बारीक उसासा, सवयीच्या कानालाच कळतो.
पहिला. दुसरा.
नेमका तेव्हाच शेजारच्या वाख्तांगचा कुत्रा भुंकायला लागला.
वळणापर्यंत दिवे दिसले,
चढत होते, इतकं नक्की.